७९२ किलोहर्ट्झ : आकाशवाणी पुण्याचे बोलके कार्यक्रम

मध्यमलहर

आकाशवाणी पुण्याचा विषय निघाला की गप्पा दोन मिनिटांत गीतरामायणावर येतात, आणि त्यात काहीच गैर नाही. १ एप्रिल १९५५ ते १९ एप्रिल १९५६, दर आठवड्याला गदिमा आणि बाबूजींचं एक नवं गाणं, एकूण ५६ गाणी. त्याबद्दल मी नव्यानं काय सांगणार!

पण गीतरामायणाची शेवटची गाणी लागत होती, त्याच महिन्यांत ह्याच केंद्रावरून आणखी एक प्रयोग चालू होता. तो फक्त बोलण्याचा होता आणि आज तो जवळजवळ कुणालाच आठवत नाही. हा धागा मुख्यतः त्यासाठी.

फेब्रुवारी ते एप्रिल १९५६. युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीनं पुणे केंद्रावर 'रेडिओ फार्म फोरम' सुरू केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे पाच जिल्हे आणि त्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ, त्याला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण वीस. विषय शेतीचे, आरोग्याचे, साक्षरतेचे, गावकारभाराचे.

कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर बोलायचं. आपल्या गावात हे जमेल का, पैसा कुठून आणायचा, पाणी आहे का. मग निमंत्रकानं चर्चेचा सार आणि उरलेल्या शंका लिहून केंद्राला पाठवायच्या आणि केंद्रानं त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांत द्यायची. १९५६ साली, गावात फोन नाही, बऱ्याच ठिकाणी वीज नाही, आणि तरी श्रोता आणि केंद्र यांच्यात दोन्ही बाजूंनी बोलणं चालू होतं. मूळ कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांची, पण इथे ती इथल्या गावांच्या बेतानं उभी केली होती.

त्याची तपासणीही नीट झाली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनं ते काम केलं आणि पॉल न्यूरथ हे समाजशास्त्रज्ञ त्यासाठी आले होते. मंडळ असलेली गावं, मंडळ नाही पण रेडिओ आहे अशी गावं आणि दोन्ही नसलेली गावं, अशी तुलना केली. मंडळं असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक भर पडलेली दिसली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडी. मला ह्या प्रयोगातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ऐकून झाल्यावर माणसं आपसांत बोलली तरच ऐकलेलं रुजलं. १९५९ साली हा प्रयोग देशभर न्यायचं ठरलं.

केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला, म्हणजे फोरमच्या वेळी ते जेमतेम अडीच वर्षांचं होतं. पण तिथं माणसं कोण होती बघा. व्यंकटेश माडगूळकर १९५५ मध्ये ग्रामीण विभागात आले आणि नोकरीची उरलेली सगळी वर्षं तिथेच राहिले. पु. ल. देशपांडे त्याच सुमाराला पुणे केंद्रावर होते. मुलांच्या बालोद्यानमागे गोपीनाथ तळवलकर. पुढे सिनेमात गाजलेले जयराम कुलकर्णीही इथलेच. मान्यवर म्हणून बोलावलेले पाहुणे नव्हते हे. रोज हजेरी लावून शेतकऱ्याशी, मुलांशी, बायकांशी कसं बोलायचं ते ठरवणारी नोकरदार माणसं होती. माणदेशात वाढलेला माणूस शेतीच्या कार्यक्रमाचं संभाषण लिहितो तेव्हा त्यातला शेतकरी पुस्तकी बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच की पुणे केंद्राचा कणा बोलणं हा आहे आणि त्याचा इतिहास कुणीतरी गोळा करायला हवा. ज्यांना जे आठवतं, ठाऊक आहे, ते लिहा.

---

रानवारा

फार छान धागा. फोरमबद्दल पहिल्यांदाच वाचलं.

आमच्या घरी (बारामती तालुका) संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम आजोबांच्या मालकीचा होता. त्या वेळात कुणी स्टेशन बदलायचं नाही. त्यांना सगळ्यात महत्त्वाचे बाजारभाव. गुळाचा भाव ऐकून ते शेजारच्या अण्णांना हाक मारायचे आणि दोघांचं अर्धा तास चालायचं, उद्या माल न्यायचा की थांबायचं. तुमचं मंडळ वाचताना तेच डोळ्यासमोर आलं. आमच्याकडे निमंत्रक वगैरे कुणी नव्हतं, पण ऐकून झाल्यावर ओट्यावर बसणं होतंच.

---

शब्दवेडी

बोलण्याचा विषय आहे तर सुधा नरवणे यांचं नाव वरच यायला हवं. सकाळचे सात वाजून पाच मिनिटं आणि 'सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत आहे'. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत आंघोळी, डबे, शाळेची तयारी ह्या आवाजावर चालायची. (माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे हे त्यांचे चिरंजीव.)

मी शाळेत मराठी शिकवते, म्हणून हे जरा लांबवते. त्या बातम्यांचं वैशिष्ट्य वेग होतं. म्हणजे वेग नसणं. दहा मिनिटांत ज्या काही बातम्या बसतील त्या, पण गावाचं नाव, आकडा, माणसाचं नाव प्रत्येक वेळी पूर्ण आणि स्वच्छ. बातमी आनंदाची असो वा अपघाताची, आवाजाला भावनेची फोडणी नाही. ऐकणाऱ्यानं काय वाटून घ्यायचं हे त्याच्यावर सोडलेलं. मी आजही वर्गात मुलांना प्रकट वाचन शिकवते तेव्हा सांगते की बातमी वाचल्यासारखं वाचा. मुलांसमोर वाहिन्यांवरचा आरडाओरडा येतो आणि मला आधी त्यांना जुनी ध्वनिफीत ऐकवावी लागते.

---

खडा_सवाल

आठवणी छान आहेत, पण दुसरी बाजूही यायला हवी. हा सरकारी रेडिओ होता. भाषण द्यायचं तर संहिता आधी लिहून द्यायची, ती तपासली जायची, मग ध्वनिमुद्रण. आणीबाणीत आकाशवाणीनं काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. किशोर कुमार सरकारी कार्यक्रमाला नाही म्हणाले तर त्यांची गाणी बंद. बी. व्ही. केसकर माहिती-प्रसारण मंत्री असताना सिनेसंगीताला दार बंद केलं आणि अख्खा देश रेडिओ सिलोनकडे गेला; मग १९५७ मध्ये विविध भारती आणावी लागली. वरून ठरवून लोकांना शहाणं करण्याचा हा सगळा खटाटोप होता. फोरमसुद्धा त्यातलाच. विषय कोण ठरवत होतं? गावकरी?

---

मध्यमलहर

खडा_सवाल, मुद्दे बरोबर आहेत आणि मी त्यांतला एकही नाकारत नाही. आणीबाणीतलं वागणं हा डागच आहे. संहिता आधी तपासण्याच्या पद्धतीनं बऱ्याच भाषणांतला जीव गेला हेही खरं, कागद वाचणारा आवाज लगेच ओळखू येतो.

फोरमचे विषय केंद्रच ठरवत होतं. पण म्हणूनच मला त्यातली पत्रं महत्त्वाची वाटतात. सरकारी माध्यमानं दर आठवड्याला शेकडो गावकऱ्यांकडून 'तुम्ही सांगता ते इथे जमत नाही, कारण असं असं आहे' हे लेखी मागवणं आणि त्याला हवेतून उत्तर देणं ही साधी गोष्ट नाही. ती सवय पुढे टिकली असती तर आपली आकाशवाणी वेगळी झाली असती. देशभर प्रसार करताना मंडळांची संख्या वाढवण्यावर भर राहिला आणि पुण्यात जी काटेकोर देखभाल होती ती सगळीकडे शक्य झाली नाही. माझी तक्रार असलीच तर ती तिथे आहे.

---

गिरणगाव_लालबाग

मुंबईकर म्हणून थोडी भर. मुंबई केंद्र पुण्याच्या कितीतरी आधीचं. २३ जुलै १९२७ ला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, उद्घाटन व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते. ती खाजगी कंपनी होती, १९३० मध्ये बुडाली, मग सरकारनं ताब्यात घेतलं. 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव १९३६ चं.

बोलक्या कार्यक्रमांत आमच्याकडे कामगार सभा, वनिता मंडळ आणि अर्थातच प्रपंच. बाळ कुडतरकरांचे प्रभाकरपंत, नीलम प्रभूंच्या मीनावहिनी आणि प्रभाकर जोशींचे टेकाडे भावोजी. चाळीत एका घरी रेडिओ लागला की दहा घरं ऐकायची, आणि टेकाडे भावोजी हा प्रत्येक चाळीतला कुणीतरी असायचाच. महागाई, रेशन, कुटुंबनियोजन, जे सांगायचं ते त्या तिघांच्या बोलण्यातून यायचं. सरकारी संदेश होता, पण आधी माणसं खरी होती.

कामगार सभेबद्दल विशेष सांगतो. वडील गिरणीत होते. पाळी सुटण्याच्या वेळा, कामगारांची भाषा, त्यांचे कलावंत हे सगळं धरून तो कार्यक्रम बांधलेला असायचा. कोण ऐकतंय आणि तो माणूस ह्या घटकेला कुठे आहे हे कार्यक्रम करणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. स्थानिक रेडिओ म्हणजे मला तरी हेच वाटतं.

---

कॉलेजकट्टा

माझा जन्मच एफएमच्या काळातला, म्हणून एक प्रश्न. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये दिवसभर फक्त गप्पा, बातम्या, चर्चा, फोन-इन अशी स्टेशनं असतात. आपल्याकडे खाजगी एफएमवर गाणी आणि दोन गाण्यांच्या मधे आरजे. पुण्यासारख्या शहरात एखादं मराठी बोलकं स्टेशन चालणार नाही का? कुणी काढत का नाही?

---

मध्यमलहर

कारण कायदा. आपल्याकडे खाजगी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खाजगी एफएम सुरू झालं तेव्हापासून ही अट आहे. २०११ च्या धोरणानं फक्त एवढी मुभा दिली की आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा, एक शब्द न बदलता लावता येतील. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्तीचे इशारे यांना 'बातमी' धरत नाहीत, ते चालतं.

आता बोलक्या स्टेशनाचा विचार कर. सकाळी महापालिकेनं पाणीकपात जाहीर केली. 'गुरुवारी पाणी येणार नाही' ही सूचना तुला देता येते. पण 'कपात का, धरणात किती साठा आहे, नगरसेवक काय म्हणतात' याचं स्वतःचं वार्तांकन केलंस की तू बातमीच्या हद्दीत गेलास. शहराच्या कारभाराला हात न लावता दिवसभर बोलायचं कशावर? म्हणून सगळे गाण्यांकडे वळले. टीव्हीवर कुणालाही चोवीस तास बातम्या देता येतात, वर्तमानपत्र कुणालाही काढता येतं, आणि सगळ्यात स्वस्त, सगळ्यात स्थानिक माध्यमाला मात्र बंदी. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं. तेव्हापासून एवढी वर्षं गेली आणि ही अट कायम आहे. मला हे सरळसरळ चुकीचं वाटतं.

---

सातासमुद्रापार

न्यू जर्सीतून. इथली बोलकी स्टेशनं बहुतेक मीडियम वेव्हवरच (म्हणजे मध्यम लहरींवर, एफएमच्या आधीच्या जुन्या पट्ट्यावर) वाढली. संगीत एफएमवर गेलं तेव्हा मोकळ्या झालेल्या जागी बोलणं आलं. न्यूयॉर्कचं १०१० विन्स १९६५ पासून फक्त बातम्याच देतं आहे. पण कॉलेजकट्टा, इथलं सगळंच घेण्यासारखं नाही. दोन्ही बाजू मांडण्याचं बंधन १९८७ मध्ये काढून टाकलं, त्यानंतर राजकीय बोलक्या कार्यक्रमांत एकाच बाजूचा तासन्‌तास मारा वाढत गेला. मला त्यापेक्षा सार्वजनिक रेडिओ बरा वाटतो.

न्यूजऑनएअर ॲपवर पुणे ऐकते. भारतातली सकाळ म्हणजे माझी रात्रीची भांडी घासायची वेळ.

---

फेराइट

मीडियम वेव्ह आणि बोलणं यांचं नातं तांत्रिकही आहे. आपल्याकडे मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांमधलं अंतर ९ किलोहर्ट्झ धरतात. पुण्याचं ७९२ हे त्याच पट्टीतलं, ९ गुणिले ८८. (तरंगलांबी सुमारे ३७९ मीटर. जुन्या सेटच्या तबकडीवर मीटर लिहिलेले असायचे ते हेच.) ह्या अरुंद जागेत वरचे सूर कापले जातात, म्हणून तबला-सतार दबलेले वाटतात. माणसाचं बोलणं मात्र साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये पूर्ण कळतं, टेलिफोन त्यावरच चालत आला. म्हणजे बोलण्याचं ह्या पट्ट्यावर फारसं काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट पल्ल्याची. एफएमची लहर सरळ रेषेत जाते, मधे डोंगर आला की संपलं. मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते, त्यामुळे हडपसरच्या मनोऱ्यावरून निघालेला आवाज सह्याद्रीच्या आडच्या खोऱ्यातही पोचतो. रात्री वरच्या वातावरणातला शोषून घेणारा थर विरतो आणि लहर परावर्तित होऊन आणखी शेकडो किलोमीटर दूर जाते. मावळातल्या, भोर-वेल्ह्यातल्या वाडीला मोबाइलची रेंज नसते तिथे अजूनही हेच लागतं. मीडियम वेव्हचे प्रक्षेपक जुने झाले म्हणून बंद करण्याची भाषा होते तेव्हा ह्या वाड्यांचा विचार कुणी करत नाही.

---

माणची_लेक

मी माण तालुक्यातली. धाग्यात उत्तर सातारा वाचलं आणि लिहायला बसले. आमच्या म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी आहे, ९०.४ एफएम, माणदेशी फाउंडेशनची. सामुदायिक रेडिओ. म्हणजे १९५६ साली ज्या जिल्ह्यात पुण्याचे कार्यक्रम ऐकून बाप्ये चर्चा करायचे, तिथे आज बायका माइकसमोर बसतात.

आमच्याकडे पाऊस नावापुरता. त्यामुळे रेडिओवर बोलणं कशाचं, तर चारा, छावणी, शेळ्या, बचत गट, बँकेचा कागद कसा भरायचा. ओव्या म्हणणाऱ्या, गजी नाचणाऱ्यांचे आवाज लागतात. आणि ते आमच्याच बोलीत. माझ्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा रेडिओवर 'आवंदा' (यंदा) हा शब्द ऐकला आणि हातातलं काम थांबवून बघत राहिली.

पुण्याचं केंद्र आमच्या घरातही लागायचं, त्याचा मान आहेच. पण तिथली भाषा कितीही चांगली असली तरी लांबची. मध्यमलहर दादा, तुम्ही म्हणता ते दोन्ही बाजूंचं बोलणं आता अशा छोट्या स्टेशनांतच उरलंय. श्रोता चालत स्टेशनात येतो आणि सांगतो, काल तुम्ही चुकीचं बोललात.

---

कॉलेजकट्टा

ताई, मग सामुदायिक रेडिओला बातम्या चालतात का?

---

माणची_लेक

नाही रे. त्यालाही तीच अट, आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा लावता येतात तेवढंच. शिवाय ताकद १०० वॉटच्या आत, मनोरा ३० मीटरपर्यंत, जाहिरातींना वेळेची मर्यादा. आधी, २००२ पासून, हे परवाने फक्त शिक्षणसंस्थांना मिळायचे. पुणे विद्यापीठाची विद्यावाणी त्यातली. स्वयंसेवी संस्थांना मुभा मिळाली २००६ मध्ये. कार्यक्रमांतला निदान अर्धा मजकूर स्थानिक हवा असाही नियम आहे, तो मात्र आमच्या फायद्याचा.

अडचण पैशाची. यंत्र बिघडलं की सुटा भाग येईपर्यंत वाट बघायची. काम करणाऱ्या पोरी शिकून तयार होतात आणि लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात जातात. तरी नव्या येतात.

---

शब्दवेडी

ह्यात जून २०२३ ची नोंद हवीच. पुणे आकाशवाणीचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला होता. म्हणजे ज्या बातमीपत्राबद्दल मी वर लिहिलं, तेच. लोकांनी, पत्रकारांनी, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी आवाज उठवला आणि काही दिवसांतच केंद्रीय मंत्र्यांनी निर्णयाला स्थगिती दिली. रेडिओ कोण ऐकतो असं म्हणणाऱ्यांनी त्या आठवड्यातली वर्तमानपत्रं काढून बघावीत.

संभाजीनगरच्या केंद्राबद्दल माझ्या मनात काही नाही, तेही चांगलं केंद्र आहे. पण पुण्याची बातमी देणाऱ्यानं पुण्यात राहायला हवं आणि मराठवाड्याची देणाऱ्यानं मराठवाड्यात.

---

खडा_सवाल

शब्दवेडी यांच्याशी सहमत. मी वर टीका केली ती आकाशवाणी सुधारावी म्हणून, बंद व्हावी म्हणून नाही. आणि माणची_लेक यांच्या प्रतिसादानंतर फोरमकडे बघण्याची माझी नजर थोडी बदलली. लेखी शंका पाठवणं आणि चालत जाऊन तोंडावर सांगणं ह्यांत जात एकच आहे.

एक सुचवतो. त्या पाच जिल्ह्यांत १९५६ साली विशीत असलेला माणूस आज नव्वदीच्या आसपास असेल. ज्यांच्या गावात असं मंडळ होतं त्यांच्याकडून आत्ताच ऐकून ठेवायला हवं. फोनवर ध्वनिमुद्रण केलं तरी पुरे.

---

रानवारा

+१. आमच्या चुलत आजोबांना रविवारी विचारतो. ग्रामपंचायतीचा रेडिओ चावडीत होता असं ते सांगतात, मंडळ होतं का ते विचारलं नव्हतं.

---

मध्यमलहर

रानवारा, जरूर विचारा. थेट 'फार्म फोरम' असं विचारलं तर आठवणार नाही. रेडिओ कुठे ठेवलेला असायचा, बॅटरी कोण आणायचं, कार्यक्रमानंतर लिहून कोण काढायचं, आणि पुण्याहून उत्तर आलं तेव्हा गावाचं नाव हवेत ऐकल्याचं आठवतं का, असं विचारा. गावाचं नाव रेडिओवर आलेलं माणूस विसरत नाही.

---

गिरणगाव_लालबाग

एक व्यावहारिक प्रश्न. वडिलांचा जुना तीन बँडचा सेट दुरुस्त करून घेतला. ५५८ वर मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी बरी लागते, पण घरात सारखी घरघर येते. सेटचा दोष की स्टेशनचा?

---

फेराइट

बहुधा दोन्ही नाही. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वायफायचा डबा हे सगळे मीडियम वेव्हवर गोंगाट करतात. एकेक बंद करून बघा, दोषी लगेच सापडेल. सेट खिडकीजवळ ठेवा. आत फेराइटची आडवी कांडी असते, तिला दिशा असते, म्हणून आवाज सर्वांत स्वच्छ येईपर्यंत सेट हळूहळू जागच्या जागी फिरवा. बाहेर काढलेली एरियल मीडियम वेव्हला लागत नाही, ती शॉर्ट वेव्ह आणि एफएमसाठी. आणि रात्री दहानंतर ७९२ लावून बघा. सगळं जुळून आलं तर लालबागेत पुणे लागेल.